बत्तीस अंशांवर अडकलेला वर्ट

ठिकाण टेक्ससमधल्या ह्यूस्टनचं एक उपनगर, महिना जुलै. भाऊजी आणि मेव्हणा मिळून मागच्या अंगणात प्रोपेनच्या शेगडीवर १९ लिटर अमेरिकन पेल एल करत होते. कृती सरळ, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ताजा, साहित्य सगळं जिथल्या तिथे. तीन आठवड्यांनी बाटल्या भरायची वेळ आली तेव्हा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं उपकरण, १.०२२ वर बसलेला होता. साखर आंबत जाते तशी घनता उतरते. तो १.०१२ च्या आसपास उतरायला हवा होता. बिअर चवीला गोडसर होती, घोट गिळल्यावर घशात जळजळ होत होती आणि नाकाला थिनरसारखा वास येत होता. संशय लगेच यीस्टवर गेला. बहुतेकांचा तिथेच जातो.

या प्रकरणात यीस्ट निर्दोष होतं. जे बिघडलं ते शेगडी बंद केल्यापासून यीस्ट घालेपर्यंतच्या सवा तासात बिघडलं. वर्ट, म्हणजे मॉल्टचा, हॉप्स ही कडवट सुवासिक फुलं घालून उकळलेला गोड काढा, थंड करणं, गाळणं आणि त्यात हवा मिसळणं ही कामं पुस्तकात तीन वेगळ्या परिच्छेदांत येतात. प्रत्यक्षात पहिलं काम अर्धवट राहिलं की पुढची दोन्ही त्याच्यामागे घसरतात. इथे तेच झालं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने मुभा आहे. १९७८ साली कायदा झाला, फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून पुण्यातल्या गच्चीवर हंडा चढवू नये.

बॅचचा तपशील

टू-रो पेल मॉल्ट ४.५ किलो, क्रिस्टल मॉल्ट ३५० ग्रॅम. मॅश, म्हणजे दळलेला मॉल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, ६७ अंश सेल्सिअसला एक तास. हंड्यात २५ लिटर जमलं, ६० मिनिटं खळखळून उकळल्यावर २०.५ लिटर उरलं. हॉप्स सगळे पेलेटचे, एकूण ११३ ग्रॅम: सेंटेनियल २८ ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला, कॅस्केड २८ ग्रॅम शेवटची १५ मिनिटं उरली असताना आणि ५७ ग्रॅम शेगडी बंद करताना. १० मिनिटं उरली असताना वर्ट नितळ करणारी व्हर्लफ्लॉकची एक गोळी. यीस्ट कॅलिफोर्निया एल जातीचं, द्रव स्वरूपातलं, दोन ताजी पाकिटं.

थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे इमर्शन चिलर: लांबी साडेसात मीटर, जाडी साडेनऊ मिलिमीटर. एका टोकाला अंगणातल्या नळाचा पाइप, दुसऱ्या टोकातून गरम पाणी गवतात. उकळीची शेवटची १५ मिनिटं वेटोळं हंड्यातच ठेवलं होतं, त्यामुळे ते निर्जंतुक झालं होतं. इथपर्यंत शंभर टक्के बरोबर.

नंतर नळ सोडला. मेव्हण्याने दर आठ मिनिटांनी तापमान लिहून ठेवलं, ही त्याची सवय या तपासाला फार उपयोगी पडली. शेगडी बंद करताना १००. आठ मिनिटांनी ६५. सोळाव्या मिनिटाला ४८. चोविसाव्याला ३९. बत्तिसाव्याला ३४. चाळिसाव्याला ३२. तोवर मिनिटाला साडेपाच लिटरच्या हिशेबाने २२० लिटर पाणी वाहून गेलं होतं.

“भाऊजी, पुरे आता. हाताला कोमट लागतंय,” असं म्हणून त्याने नळ बंद केला.

पुढे हंडा कलंडून, १८ सेंटिमीटरच्या स्वयंपाकघरातल्या बारीक गाळणीतून, नरसाळ्यावाटे काचेच्या १९ लिटरच्या कारबॉयमध्ये वर्ट ओतायला घेतला. तीन-चार लिटरमध्ये गाळणी तुंबली. चमच्याने खरवडली, पुन्हा तुंबली, नळाखाली धुतली, पुन्हा तुंबली. वीस-पंचवीस मिनिटं यातच गेली. कारबॉय गळ्यापर्यंत भरला. बूच लावून मिनिटभर हलवला, ३१ अंशांना यीस्ट घातलं. हायड्रोमीटरने ३२ अंशांना १.०४८ दाखवलं होतं. हे उपकरण १५.६ अंशांसाठी आखलेलं असल्यामुळे त्यात सुमारे ०.००४ मिळवायचे, म्हणजे खरी घनता १.०५२.

पाच तासांत फेस आला, दहा तासांत एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या बुचातून, उसळून बाहेर पडला. कारबॉयवरची तापमानाची पट्टी ३४ दाखवायला लागली, तेव्हा घाबरून तो एसीच्या २१ अंशांच्या खोलीत हलवला. छत्तीस तासांनी सगळं शांत. तिथून पुढे बुडबुडा नाही.

कोणकोणते संशय फेटाळले

मॅश जास्त गरम झाला असेल तर न आंबणारी साखर जास्त बनते आणि घनता वरच अडकते. हा संशय आधी तपासायला हवा, कारण तो खरा असेल तर पुढचं सगळं निरर्थक. तपासायची रीत सोपी आहे. अडकलेल्या बिअरमधले २०० मिलिलिटर निर्जंतुक बाटलीत घ्यायचे, त्यात दोन-तीन ग्रॅम कोरडं एल यीस्ट टाकायचं, तोंडावर फॉइल ढिलं ठेवायचं, २५ अंशांच्या आसपास ठेवून येता-जाता हलवायचं. तीन दिवसांनी घनता मोजायची. इथे ती १.०१२ वर आली. म्हणजे आंबण्याजोगी साखर शिल्लक होती, खायला यीस्ट धड नव्हतं.

यीस्ट कमी पडलं का? एलसाठी ढोबळ हिशेब असा: दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेची ढोबळ टक्केवारी) साडेसात लाख पेशी. १.०५२ म्हणजे जवळपास १३ प्लेटो. १९ लिटरला गुणलं की १८,००० कोटींच्या आसपास आकडा येतो. ताज्या पाकिटात साधारण १०,००० कोटी पेशी असतात, पाकिटं दोन होती. पुरेशी.

जंतुसंसर्ग? गाळणी नळाखाली धुतली हे अक्षम्यच आहे. पण बिअर आंबट झाली नव्हती, वर पापुद्रा नव्हता, दोरीसारखा चिकटपणा नव्हता. यीस्टने पाच तासांत ताबा घेतल्यामुळे हे थोडक्यात निभावलं.

उकडलेल्या मक्याचा वास, म्हणजे डीएमएस? फिकट मॉल्टमधल्या एका घटकापासून तो गरम वर्टमध्ये तयार होत राहतो. उकळीत वाफेबरोबर उडून जातो, उकळी थांबली की वर्टमध्येच अडकतो. संथ गारवणीवर हा आरोप नेहमी होतो. पण नोंदी पाहिल्या तर वर्ट चौथ्या मिनिटाला ८० अंशांखाली गेला होता, आणि त्याखाली ही निर्मिती अगदी मंदावते. चवीतही मका नव्हता. शेवटी टाकलेल्या हॉप्समधून जास्तीचा कडूपणा उतरण्याची भीतीही त्याच कारणाने बाद.

उरलं ते एवढंच: ३१ अंशांना घातलेलं यीस्ट, प्राणवायूची टंचाई आणि मग अचानक १३ अंशांची घसरण.

गरम वर्टमध्ये एल यीस्ट पहिले काही तास सुसाट सुटतं. त्या काळात फ्यूझेल मद्यं आणि इथाइल ॲसिटेट जास्त बनतात. घशातली जळजळ आणि थिनरचा वास यांचाच. पेशी भराभर दुभंगतात आणि प्रत्येक दुभंगाला नवं पटल लागतं. पटलाला लवचिक ठेवणारी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं यीस्ट प्राणवायूशिवाय बनवू शकत नाही. आहे तो साठा दर पिढीत अर्धा-अर्धा वाटला जातो. तीन-चार पिढ्यांत पेशी इतक्या लेच्यापेच्या होतात की वाढतं मद्य त्यांना सोसत नाही. अशा अवस्थेत खोली २१ अंशांची केली की त्या तळाशी बसतात आणि उठत नाहीत.

इथे एक घरगुती समजूतही आड आली असावी. मराठी घरात विरजण कोमट दुधाला लावतात हे लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्यामुळे ‘हाताला कोमट’ हीच योग्य खूण वाटते. दह्याच्या जिवाणूंना ४० अंशांच्या आसपास बरं वाटतं. एल यीस्ट १८ ते २० अंशांना घालायचं असतं. बोट ३२ आणि २२ मधला फरक सांगतं, पण त्यातलं कोणतं बरोबर ते सांगत नाही. थर्मामीटर वापरावा.

बत्तीसच्या खाली का उतरला नाही

जुलै-ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या नळाचं पाणी ३० अंशांच्या आगेमागे असतं. वेटोळं कितीही चांगलं असलं तरी वर्ट त्यातल्या पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. आणि जसजसा तो पाण्याच्या जवळ येतो तसतसा वेग मरत जातो, कारण उष्णता वाहायला फरक लागतो. वरच्या नोंदी पुन्हा पाहा. पाण्यापेक्षा वर्ट किती गरम आहे ते मोजा: ७०, ३५, १८, ९, ४, २. दर आठ मिनिटांना फरक निम्मा. अजून अर्धा तास नळ चालवला असता तर दीड-दोन अंश मिळाले असते आणि आणखी दीडशे लिटर पाणी गवतात गेलं असतं. प्लेट चिलर किंवा काउंटरफ्लो हे महागडे चिलर विकत घेतले असते तरी हीच मर्यादा. दुकानदार हे सांगत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीतही उन्हाळ्यात नळाच्या पाण्यावर भागत नाही. तिथे आधीच गार केलेल्या पाण्याची टाकी किंवा ग्लायकॉल हे शीतद्रव असतं.

आठ मिनिटांचा हा अर्धा-काळ मात्र कमी करता येतो, तोही फुकट. हंड्यात वेटोळं स्थिर ठेवलं की त्याला लागून असलेला वर्ट थंड होऊन खाली बसतो, आणि गरम वर्ट मधोमध तसाच राहतो. वेटोळं हातात धरून सावकाश वर-खाली केलं किंवा लांब दांड्याच्या चमच्याने हलकं ढवळत राहिलं तर अर्धा-काळ चार मिनिटांवर येतो. उकळता वर्ट फेसाळत घुसळायचा नाही, नुसता फिरता ठेवायचा. झाकण सुरुवातीला उघडं, ६० अंशांखाली आला की स्वच्छ फॉइलने किंवा झाकणाने बहुतेक झाकलेला.

उरलेले अंश बर्फाने घ्यायचे, म्हणजे बादलीतलं बर्फाचं पाणी छोट्या पंपाने वेटोळ्यातून फिरवायचं. इथे हिशेब करावाच लागतो, कारण लोक बर्फ चुकीच्या टप्प्यावर उधळतात. २० लिटर वर्ट एक अंशाने उतरवायला साधारण ८४ किलोज्यूल काढावे लागतात. १०० वरून ४० पर्यंत ५,००० किलोज्यूल, ते नळाचं पाणी आनंदाने घेऊन जातं. ४० वरून १९ पर्यंत सुमारे १,७६० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे किमान सव्वापाच किलो बर्फ. उकळत्या वर्टवर पहिल्या मिनिटापासून बर्फाचं पाणी सोडलं तर पंधरा किलोही पुरणार नाही.

आणि बादलीत घातलेलं पाणीही बर्फ खातं. ३० अंशांचं १० लिटर पाणी शून्यावर आणायलाच पावणेचार किलो बर्फ लागतो. किराणा दुकानात मिळणारी २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची पिशवी या दोन्हींसाठी जेमतेम पुरते. बादलीतलं पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर तीच पिशवी आरामात पुरते.

गाळणी हा या प्रकरणातला खलनायक नाही, तरी

पेलेट हॉप्स म्हणजे दळून दाबलेली फुलं. उकळीत त्यांची हिरवी पेंड होते. त्यात मॉल्टमधल्या प्रथिनांचे दोन प्रकारचे थर मिसळतात: उकळताना गोठलेले जाडसर लगदे आणि थंड होताना सुटलेला बारीक चुरा. हे मिश्रण कुठल्याही बारीक जाळीवर बसलं की काही सेकंदात त्याचा लिंपण होतो. अख्खी हॉप्स फुलं वापरली असती तर ती स्वतःच गाळणीचं काम करतात, जाळीवर पोकळ थर बनतो आणि वर्ट त्यातून निथळतो. पेलेटच्या बाबतीत जाळी जितकी बारीक तितका वैताग जास्त.

त्याहून महत्त्वाचं: इतकं गाळायची गरज नसते. हॉप्सचा आणि प्रथिनांचा थोडा साका आंबवणीच्या भांड्यात गेला तर बिअर गढूळ राहत नाही, तो यीस्टबरोबर तळाशी बसतो. थोडा साका यीस्टला हवाच असतो, कारण त्यात मेदाम्लं असतात. दोन-तीन लिटर जाड पेंड भांड्यात गेली तर मात्र जागा वाया जाते, बाटल्या भरताना सायफन तुंबतो आणि चवीला गवताळ तुरटपणा येतो. म्हणून निम्मा-अधिक साका हंड्यातच राहावा एवढंच साधायचं.

ते भोवऱ्याने साधतं. वर्ट थंड झाला की वेटोळं बाहेर काढायचं. ते आत असताना भोवरा जमत नाही, कारण वेटोळी प्रवाह तोडतात. निर्जंतुक चमच्याने काठाजवळून एकाच दिशेने दीड-दोन मिनिटं जोरात फिरवायचं, चमचा काढायचा, झाकण ठेवायचं आणि १५ ते २० मिनिटं हात लावायचा नाही. साका मधोमध ढीग करून बसतो. मग बाजूच्या तोटीतून, किंवा सायफनची नळी भिंतीला टेकवून, सावकाश काढायचं. पहिला अर्धा कप गढूळ येतो, तो फेकायचा. शेवटचा दीड लिटर हंड्यात सोडून द्यायचा. तो दीड लिटर सोडवत नाही म्हणून हंडा तिरका करणारेच गाळणीशी झुंजत बसतात. उकळायला दीड लिटर जास्त घेतलं की प्रश्नच मिटतो. थंड होताना वर्ट आकाराने चार टक्के आक्रसतो हेही त्यात धरावं: उकळते २० लिटर थंड झाल्यावर १९.२ भरतात.

दुसरा उपाय हॉप्स आधीच बांधून टाकण्याचा. रंगाच्या दुकानात रंग गाळायच्या पाच गॅलनच्या नायलॉनच्या पिशव्या मिळतात, इथले घरगुती ब्रूअर त्यांच्यावरच वर्षानुवर्षं काम भागवतात. स्टीलची ३०० मायक्रॉनची उभी जाळी जास्त टिकते. पिशवी ऐसपैस हवी, हॉप्स फुगून घट्ट गोळा झाला की कडूपणा आणि वास कमी उतरतो. वर काढताना निथळू द्यायची, पिळायची नाही.

निर्जंतुकीकरणाचा नियम शेगडी बंद होताच बदलतो. त्याआधी वर्टमध्ये काहीही पडलं तरी उकळी बघून घेते. ७० अंशांखाली वर्टला लागणारी प्रत्येक गोष्ट, गाळणी, चमचा, नरसाळं, थर्मामीटर, सायफन, निर्जंतुक असायला हवी. स्टार सॅन हे जंतुनाशक लिटरला दीड मिलिलिटर, दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, परत पाण्याने धुवायचं नाही. त्याचा फेस उरला तरी चालतो. गाळणी तुंबली तर ती स्टार सॅनच्या बादलीत हलवून घ्यायची. नळाखाली धरायची नाही.

आणि होज क्लॅम्प. वेटोळ्याला रबरी नळी जोडतात तो सांधा हंड्याच्या बरोबर वर असेल आणि ढिला असेल, तर नळाचं पाणी थेंब थेंब वर्टमध्ये पडत राहतं. हे दिसत नाही, कारण वाफेने सगळंच ओलं असतं. दोन्ही टोकं हंड्याच्या काठाबाहेर वाकवून घ्यावीत आणि नळ सोडून सांधे आधी कोरड्यात तपासावेत. बाहेर जाणाऱ्या नळीतून पहिल्या मिनिटाला भाजण्याइतकं गरम पाणी येतं. तिचं तोंड कुणाच्या पायाशी नको.

हवा

३२ अंशांना वर्ट ओतल्यामुळे बिअर गंजली, म्हणजे प्राणवायूने शिळी झाली, असं इथे कुणी म्हणालं तर ती अतिशयोक्ती समजावी. उकळत्या वर्टमध्ये हवा घुसळली तर रंग गडद होतो आणि शिळेपणाची तयारी सुरू होते हे खरं. म्हणून २७ अंशांखाली आल्यावरच हवा द्यावी असा संकेत आहे, आणि तो पाळावा. पण ३२ ला झालेलं नुकसान त्या वाटेने झालं नाही.

विद्राव्यतेचा दोषही लहान आहे. २० अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरला ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांच्या पाण्यात ७.३. साखरेमुळे वर्टमध्ये दोन्ही आकडे थोडे खाली. म्हणजे तापमानाने पाचवा हिस्सा गेला. या जातीच्या एलला ८ ते १० मिलिग्रॅम हवे असतात.

खरी तूट कारबॉयच्या गळ्यात होती. भांडं गळ्यापर्यंत भरलं की हलवून काय होणार? वर जेमतेम अर्धा लिटर हवा, आणि द्रव हलायलाच जागा नाही. भांड्यात पाच-सात लिटर मोकळी जागा हवी, म्हणूनच साडेचोवीस लिटरची प्लास्टिकची बादली कारबॉयपेक्षा सोयीची. शिवाय भरलेला काचेचा कारबॉय पंचवीस किलोंवर जातो आणि स्टार सॅनने बुळबुळीत झालेला असतो. तो हातातून सुटून टाके पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. काच हलवायची नाही, हा नियम बिअरपेक्षा मनगटांसाठी आहे.

सर्वात स्वस्त रीत: दोन निर्जंतुक बादल्या, हातभर उंचीवरून इकडून तिकडे सहा-आठ वेळा ओतायचं. तोटीतून येणारा वर्ट निर्जंतुक मोठ्या भोकांच्या चाळणीतून पडू दिला तर धारा फुटतात, तेवढी हवा ओघानेच मिळते. ड्रिलला लावायचा घुसळदांडा चार-पाच मिनिटं चालवला तर आणखी बरं. मत्स्यालयाचा पंप वापरायचा तर त्याच्या नळीत ०.२ मायक्रॉनचा फिल्टर बसवावा, टोकाला स्टीलचा सच्छिद्र दगड, आणि २० ते ३० मिनिटं. फेस उतू जायला लागला की पंप थांबवायचा, फेस बसला की पुन्हा. बिअरच्या डोक्यावरचा फेस ज्या प्रथिनांमुळे टिकतो ती एकदा फेसात अडकून वाया गेली की परत येत नाहीत, तेव्हा उतू जाणं फार चालू देऊ नये.

हवेने कितीही घुसळलं तरी ८ मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही, कारण हवेत प्राणवायू पाचवा हिस्साच असतो. सुरुवातीची घनता १.०६५ च्या वर असलेल्या बिअरला शुद्ध प्राणवायू घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात ब्रेझिंगसाठी छोटे लाल सिलिंडर मिळतात. रेग्युलेटर, अर्ध्या मायक्रॉनचा दगड, मिनिटाला एक लिटरच्या वेगाने १९ लिटरला ६० सेकंद. दगड आधी १५ मिनिटं उकळून घ्यायचा, नंतर त्याला बोट लावायचं नाही, त्वचेच्या तेलाने छिद्रं बुजतात. शेगडी पूर्ण बंद असल्याची खात्री करायची. हवेने अतिरेक होत नाही, सिलिंडरने होऊ शकतो.

कोरडं यीस्ट वापरणाऱ्यांना यातून बरीच सूट आहे. कारखान्यात ते भरपूर हवेत वाढवलेलं असल्याने स्टेरॉलचा साठा घेऊनच येतं. हीच बिअर कोरड्या यीस्टने केली असती तर कदाचित १.०१४ पर्यंत उतरली असती. थिनरचा वास मात्र आलाच असता.

अडकलेल्या बॅचला पुन्हा हवा द्यावी का, हा प्रश्न इथेही निघाला. देऊ नये. यीस्ट वाढून झाल्यावर, साधारण पहिल्या बारा तासांनंतर, मिसळलेला प्राणवायू पुठ्ठ्यासारखा शिळा वास देतो. त्याऐवजी एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुकं मॉल्ट अर्क उकळून, थंड करून, त्यात नवं यीस्ट वाढवलं आणि ते ऐन फेसावर असताना बिअरमध्ये ओतलं, खोली २२ अंशांवर ठेवली. आठवड्यात घनता १.०१४ झाली. गोडी गेली, जळजळ राहिली. फ्यूझेल एकदा बनले की यीस्ट ते साफ करत नाही.

दुसरी बॅच

तीच कृती, तेच यीस्ट, तीच दोन पाकिटं. बदललं फक्त शेगडीनंतरचं. उकळण्यापूर्वी दीड लिटर पाणी जास्त, हॉप्स पिशवीत. नळाचं पाणी आणि सतत हलकं ढवळणं: अकरा मिनिटांत ४० अंश, पाणी ६० लिटर. मग नळ काढून नळी बादलीतल्या बुडीत पंपाला जोडली. पंप कारंज्यासाठी मिळतो तसलाच, तासाला हजार लिटरचा. बादलीत ९ किलो बर्फ आणि फ्रिजमधलं १० लिटर पाणी. वेटोळ्यातून येणारं पहिलं दोन-तीन लिटर गरम पाणी गवतात सोडलं आणि मगच परतीची नळी बादलीत टाकली, नाहीतर ते पाणीच बराच बर्फ गिळतं. पुढच्या बारा मिनिटांत वर्ट १९ अंशांवर आला. भोवरा, पंधरा मिनिटं झाकण, तोटीतून चाळणीवर, चाळणीतून बादलीत, पाच मिनिटं ड्रिल. यीस्ट १९ अंशांना.

या वेळी फेस पाच तासांत दिसला नाही, चौदा तास लागले. मेव्हणा धास्तावला होता. पण उशीर हा दोष नाही, १९ अंशांना यीस्ट एवढा वेळ घेतंच. आंबताना बिअर स्वतः तीन-चार अंश तापते, म्हणून बादली पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ दोन लिटरची गोठवलेली बाटली त्यात सोडली आणि २० च्या वर जाऊ दिलं नाही. सहाव्या दिवशी १.०१३, दहाव्या दिवशी १.०१२, तिथेच स्थिर.

ज्यांना बर्फ आणि पंप दोन्हींचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातली रीत आहे: उकळता वर्ट एचडीपीई प्लास्टिकच्या जाड कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावून कॅन आडवा करायचा म्हणजे झाकणाची आतली बाजूही भाजून निघते, आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी आंबवायचा. पाणी शून्य. मात्र वर्ट तासन्‌तास गरम राहतो, शेवटी टाकलेले हॉप्स १५-२० मिनिटं जास्त उकळल्यासारखे कडू होतात, आणि ५७ ग्रॅम कॅस्केड शेवटी टाकायची ही कृती त्या रीतीला सोसणार नाही. ते हॉप्स मग आंबवणीनंतर थंडच घालावेत.

जानेवारीत ह्यूस्टनच्या नळाचं पाणी पुरेसं गार येतं, तेव्हा नळ आणि चमचा एवढ्यावर काम होतं. पंप कोरडा करून ठेवावा. वेटोळ्यातलं पाणी फुंकून काढावं, नाहीतर आत हिरवा थर धरतो. बाहेरून तांबं काळवंडलं असेल तर पुढच्या वेळी हंड्यात सोडण्याआधी पांढऱ्या व्हिनेगरने पुसून स्वच्छ धुवावं. आम्लधर्मी वर्ट ती काजळी विरघळवून घेतो, आणि वेटोळं लखलखीत होऊन बाहेर आलं म्हणजे ती सगळी बिअरमध्ये गेलेली असते.